कोबोल प्रोग्रामला हात न लावता फाईल टेबलात न्यायची तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरला सुपर कॉरिडॉरवर काम करणाऱ्या एका टीम लीड ताईंकडे अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं मेनफ्रेमचं (मोठ्या केंद्रीय संगणकाचं) काम आहे. पॉलिसी, प्रीमियम, क्लेम असं सगळं व्हीसॅम या मेनफ्रेमच्या पद्धतीच्या फायलींत. त्यावर कोबोल या जुन्या भाषेतले काही शे प्रोग्राम, दिवसा सीआयसीएस (स्क्रीनवरचे ऑनलाइन व्यवहार चालवणारी सिस्टीम), रात्री बॅच (एकगठ्ठा चालणारे जॉब). क्लायंटला हा डेटा डीबी२ मध्ये, म्हणजे आयबीएमच्या टेबलांच्या डेटाबेसमध्ये, हवा आहे. प्रोग्राम पुन्हा लिहायला पैसा नाही, आणि ते लिहिणारी माणसं कधीच निवृत्त झाली. सॉफ्टवेअर विकणारा म्हणतो, मधे एक थर बसवा, प्रोग्रामला पत्ताही लागणार नाही. ताई विचारतात: हे खरं आहे का, टेबलं कशी पाडायची, बॅच हळू होईल का, आणि फाईल व टेबल दोन्हीकडे किती दिवस लिहीत राहायचं?

खरं आहे. अशी कामं मी केली आहेत आणि ती उभी राहिलेली पाहिली आहेत. पण ‘पत्ताही लागणार नाही’ हे अर्धंच खरं. डेटा कुठे आहे याचा प्रोग्रामला पत्ता लागत नाही, इथपर्यंत ठीक. मात्र फाईल कशी वागते यावर प्रोग्राम उभा असतो, आणि टेबल आपणहून तसं वागत नाही. टीमचे महिने डेटा हलवण्यात जात नाहीत, या वागण्यातल्या फरकांत जातात. म्हणून उत्तर त्याच बाजूने देतो.

थर काम कसा करतो ते आधी. कोबोलमधलं रीड, राइट, रीराइट, डिलीट, स्टार्ट हे सगळं शेवटी सिस्टीमच्या फाईल हाताळणाऱ्या भागाकडे जातं. सीआयसीएसमध्ये फाईल कंट्रोलच्या विनंत्या वाटेत अडवण्यासाठी एक्झिट (मधे आपला कोड बसवायच्या जागा) आहेत. बॅचमध्ये फाईल ओपन होताना विनंती दुसऱ्या मॉड्यूलकडे वळवली जाते. ते मॉड्यूल रेकॉर्डचे बाइट फोडून कॉलम करतं, एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) चालवतं, आणि परत आलेल्या कॉलमांचे बाइट जुळवून प्रोग्रामच्या रेकॉर्ड एरियात ठेवतं. आयबीएमचं सीआयसीएस व्हीसॅम ट्रान्सपरन्सी हे याच कामाचं उत्पादन आहे. मेनफ्रेमबाहेर मायक्रो फोकस कोबोलला एक्स्टर्नल फाईल हँडलरचा दरवाजा आहे, आणि ॲक्यूकोबोलवाल्यांकडे ॲक्यू-फोर-जीएल होतं. तेव्हा कल्पना जुनी, वापरून घासलेली आहे; तिला घाबरायचं कारण नाही.

पैसे खर्च होण्याआधी क्लायंटला एक गोष्ट विचारा: टेबल नक्की कोणाला हवं आहे? फक्त रिपोर्टवाल्यांना हवं असेल तर हा सगळा खटाटोप नको. फायली जागच्या जागी ठेवा, त्यांतले बदल पकडून डेटाबेसमध्ये वाचण्यापुरती प्रत चालू ठेवा, आणि मोकळे व्हा. ‘फाईल चार गिगाबाइटच्या वर जात नाही’ असं कारण कोणी पुढे करत असेल तर तेही मानू नका. एक्स्टेंडेड ॲड्रेसेबिलिटी ही व्हीसॅमचीच सोय लावली की ती मर्यादा उरत नाही. नवीन जावा किंवा वेब सिस्टीमला त्याच डेटात लिहायचं आहे, किंवा रात्री बॅचसाठी ऑनलाइन बंद ठेवणं परवडत नाही, अशी कारणं असतील तर पुढे जा.

आता डेटा. व्हीसॅम फायलीला स्वतःबद्दल जेमतेम एवढंच माहीत असतं: रेकॉर्ड जास्तीत जास्त किती लांब, ‘की’ (रेकॉर्ड शोधायचं फील्ड) कुठून सुरू होते आणि किती बाइटची. बाकीचा अर्थ कॉपीबुकात (रेकॉर्डमधल्या फील्डांची व्याख्या असलेला, प्रोग्राममध्ये ओढून घेतला जाणारा मजकूर). आपल्याकडे जुन्या मराठी घरांत होळकरांच्या वेळचे मोडी कागद निघतात. ओळ सलग, शब्द सुटे नाहीत, कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. फाईल तशीच आहे, फक्त तिला तोडणारे वाचक अनेक आहेत आणि प्रत्येकाची तोड वेगळी. एका प्रोग्रामने अधिकृत कॉपीबुक घेतलेलं असतं, दुसऱ्याने ते कॉपी करून आत दोन फील्ड वाढवलेली असतात, तिसऱ्याने रेकॉर्ड दोनशे बाइटचा एकच तुकडा म्हणून घेऊन पुढे वर्किंग स्टोरेजमध्ये (प्रोग्रामच्या स्वतःच्या मेमरीत) मूव्ह करून तिथे फोडलेला असतो. म्हणून एका डेटासेटला (म्हणजे फायलीला) जितके प्रोग्राम ओपन करतात त्या सगळ्यांची रेकॉर्डची व्याख्या शेजारी शेजारी मांडा. फिलर (बिननावाची जागा) असं लिहिलेली जागा रिकामी असेलच असं धरू नका. वायटूकेच्या (सन २००० च्या तारखांच्या) गडबडीत शतकाचे दोन आकडे फिलरमध्ये बसवलेल्या फायली त्या काळात काम केलेल्या कोणालाही आठवतील.

आणि कॉपीबुकावर थांबू नका, खऱ्या फायलीतला प्रत्येक रेकॉर्ड वाचून बघा. समजा प्रीमियमचं फील्ड सात आकडे, दशांशानंतर दोन, साइनसकट (अधिक-उणे चिन्हासकट) कॉम्प-३, म्हणजे एका बाइटात दोन आकडे बसवणारं ‘पॅक्ड’, असं आहे. म्हणजे नऊ आकडे आणि शेवटी अर्ध्या बाइटात साइन, एकूण पाच बाइट. कोणीतरी कधीतरी त्या रेकॉर्डवर स्पेस मूव्ह केलेल्या असतात, आणि पाचही बाइटांत हेक्स ४०, म्हणजे मेनफ्रेमवरची स्पेस, बसलेलं असतं. शेवटच्या अर्ध्या बाइटात शून्य, जी साइनच नव्हे. प्रोग्राम अशा रेकॉर्डवरच्या त्या फील्डला कधी हात लावत नसेल तर वीस वर्षं काही होत नाही. हात लावला की सॉक सेव्हन, म्हणजे चुकीच्या आकड्यामुळे प्रोग्राम बंद पडणं. डेसिमल कॉलममध्ये हे मूल्य जाऊच शकत नाही. मायग्रेशनच्या लोडमध्ये ते नाकारलं जातं, आणि मग क्लायंटकडून मेल येतो की तुम्ही डेटा बिघडवला. अशा प्रत्येक फील्डसाठी नियम लिहून क्लायंटची सही घ्या: शून्य करायचं, नल (मूल्यच नाही असं) करायचं, की रेकॉर्ड बाजूला काढायचा. नल केलं तर परत वाचताना प्रोग्रामला काय द्यायचं, शून्य की त्याच स्पेस, हेही त्याच कागदावर हवं.

त्यासाठी एक चाचणी मी सोडत नाही. फायलीचे बाइट कॉलममध्ये न्या, कॉलममधून थराच्याच कोडने पुन्हा बाइट बनवा, आणि मूळ फायलीशी एकेक बाइट ताडून पाहा. पूर्ण फाईल, नमुना नाही. यात जे फरक निघतात ते कागदावर कोणाला सुचले नसते. उदाहरणार्थ साइन. पॅक्ड फील्डमध्ये धन संख्येची साइन हेक्स सी असू शकते, एफ असू शकते, आकडा तोच. कॉलममध्ये गेल्यावर हा फरक नाहीसा होतो आणि परत येताना सगळीकडे सी येते. एखादा प्रोग्राम ते फील्ड ग्रुप म्हणून, म्हणजे नुसते बाइट म्हणून, जुन्या प्रतीशी तुलना करत असेल तर त्याला प्रत्येक रेकॉर्ड बदललेला दिसतो. त्यात कंपाइल करताना नमप्रॉक पीएफडी दिलेलं असेल तर आणखी पंचाईत, कारण त्या पर्यायात कंपायलर साइन ठरलेल्या रूपातच आहे असं धरून चालतो: साइनवाल्या फील्डला सी किंवा (उणे असेल तर) डी, बिनसाइनच्याला एफ. थराने बिनसाइनच्या फील्डला सी लावून दिली की तुलना चुकू शकते, आणि तीही एबेंड न होता (प्रोग्राम मधेच बंद न पडता). कंपाइल लिस्टिंग काढून हा पर्याय बघून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

तारखांच्या बाबतीत माझं मत बऱ्याच आर्किटेक्टना पटत नाही. सहा किंवा आठ आकड्यांची तारीख पहिल्या टप्प्यात डेट कॉलम करू नका. फायलीत ०००००००० असतं, ९९९९९९९९ असतं, ३१ फेब्रुवारीसुद्धा असते. पहिल्याचा अर्थ ‘अजून नाही’, दुसऱ्याचा ‘कधीच संपत नाही’, तिसऱ्याचा कोणालाच माहीत नाही. डीबी२ ची तारीख ९९९९ सालच्या ३१ डिसेंबरला संपते, ९९ वा महिना तिथे नाही. कॉलम आकड्यांचाच ठेवा, आणि रिपोर्टवाल्यांसाठी वर एक व्ह्यू (टेबल वेगळ्या रूपात दाखवणारं आवरण) करून त्यात तारीख बनवून द्या. प्रोग्राम तारीख लिहितो तशीच लिहीत राहील.

इथून टेबल कसं पाडायचं या प्रश्नाकडे येऊ. दोन टोकं टाळा. एक म्हणजे की वेगळी आणि बाकी अख्खा रेकॉर्ड एका बायनरी कॉलममध्ये. हे एका आठवड्यात होतं, सगळं चालतं, आणि फायदा शून्य, कारण एसक्यूएलने आत काही दिसत नाही. दुसरं टोक म्हणजे डेटा मॉडेलरला बोलावून तिसऱ्या नॉर्मल फॉर्मपर्यंत (तीच माहिती दोनदा राहू नये म्हणून टेबलं फोडण्याच्या नियमापर्यंत) जाणं. मग एका रीडसाठी पाच टेबलं जोडावी लागतात आणि एका रीराइटमध्ये पाच ठिकाणी बदल होतात. ज्या रेकॉर्डमध्ये एकच प्रकार आहे तिथे एक फाईल, एक टेबल, एक फील्ड, एक कॉलम एवढं साधं ठेवा.

गुंता होतो तो रिडिफाइन्स (त्याच बाइटांचा दुसरा नकाशा) आणि ऑकर्स (तेच फील्ड अनेकदा) यांपाशी. एकाच फायलीत पॉलिसीचं मुख्य रेकॉर्ड, तिचे रायडर, तिचे नॉमिनी असे तीन प्रकार असतात, प्रकाराचा एक बाइट आणि त्याप्रमाणे पुढचा नकाशा. तीन टेबलं केली तर मॉडेल सुंदर दिसतं, पण कीच्या क्रमाने सलग वाचणाऱ्या प्रोग्रामसाठी तिन्हींची युनियन करून क्रम लावावा लागतो आणि प्रत्येक ब्राउज (कीच्या क्रमाने सलग वाचन) महाग पडतो. मी आधी प्रोग्राम कसे वाचतात ते मोजतो. मिसळून सलग वाचत असतील तर एक टेबल, न लागणाऱ्या कॉलमांत नल. एकेक प्रकार सुटा वाचत असतील तर वेगळी टेबलं. ऑकर्सचं तसंच: बारा महिन्यांचे बारा हप्ते असतील तर बारा कॉलम करा, कोणी नावं ठेवली तरी. डिपेंडिंग ऑन असलेला, म्हणजे रेकॉर्डागणिक संख्या बदलणारा, पाच ते पाचशे नोंदींचा ऑकर्स असेल तर चाइल्ड टेबल (मुख्य टेबलाला जोडलेलं वेगळं टेबल). तिथे रीराइट म्हणजे जुन्या ओळी काढून नव्या घालणं, ते महाग आहे हे धरूनच चाला. डीबी२ च्या दोन मर्यादाही आधी बघा: टेबलात ७५० कॉलम, आणि ३२ केबीच्या पेजमध्ये ३२,७१४ बाइटची ओळ. मोठा ऑकर्स पसरून कॉलम करायला गेलात तर पहिली मर्यादा लवकर लागते.

की हा स्वतंत्र विषय आहे. व्हीसॅम कीची तुलना बाइटने करतं, साइन वगैरे त्याला कळत नाही. कॉम्प-३ की असेल तर उणे पाच हे अधिक पाचच्या लगेच नंतर येतं, कारण बाइट सारखे आणि शेवटी सीनंतर डी. बायनरी कीमध्ये उणे एक म्हणजे सगळे बाइट एफएफ, म्हणून ते फायलीच्या अगदी शेवटी. डेसिमल किंवा इंटिजर कॉलम केला की उणे संख्या सगळ्यांत आधी येतात. क्रमावर चालणारा, आधीची आणि आताची की बघून टोटल पाडणारा प्रोग्राम एबेंड होणार नाही, फक्त टोटल वेगळी येईल. कीत उणे संख्या आहेत का हे डेटात बघा. असतील तर की बाइट स्वरूपातच ठेवा आणि आकडा वेगळ्या कॉलममध्ये द्या. क्लायंट पुढे मेनफ्रेम सोडून लिनक्सवर जाणार असेल तर हाच प्रश्न अक्षरांचाही होतो: मेनफ्रेमच्या एबसिडिक या अक्षरसंकेतात आधी स्पेस, मग लहान अक्षरं, मग मोठी, मग अंक, मेनफ्रेमबाहेरच्या अस्कीमध्ये अंक, मोठी, लहान. पॉलिसी नंबरमध्ये अक्षर आणि अंक मिसळलेले असतील तर रिपोर्टांचे क्रम उलटेपालटे होतात.

आल्टरनेट इंडेक्सवर (दुसऱ्या फील्डने रेकॉर्ड शोधायच्या सूचीवर) एकाच नावाचे दहा ग्राहक असतील तर ते कोणत्या क्रमाने येतील याचीही प्रोग्रामला सवय असते. टेबल तसा काही शब्द देत नाही, म्हणून थराच्या क्रमात शेवटी प्रायमरी की घाला. ईएसडीएस (आल्या क्रमाने लिहिलेल्या व्हीसॅम) फायलीतला आरबीए, म्हणजे रेकॉर्डचं फायलीतलं बाइटस्थान, कोणी दुसऱ्या फायलीत पत्ता म्हणून साठवला असेल तर तोही कॉलम करून जपावा लागतो.

ब्राउजची एक गोष्ट थर विकणाऱ्याकडून करून दाखवून घ्या. की तीन कॉलमांत फोडली (शाखा, पॉलिसी, अनुक्रम) आणि प्रोग्रामने स्टार्ट (या कीपासून पुढे वाचायचं) दिलं, तर एसक्यूएलमध्ये ‘शाखा मोठी, किंवा शाखा तीच आणि पॉलिसी मोठी, किंवा दोन्ही त्याच आणि अनुक्रम मोठा किंवा तोच’ अशी अट तयार होते. जुन्या डीबी२ ला या ‘किंवा’ने इंडेक्स नीट वापरता येत नसे. डीबी२ १० मध्ये अशा अटींसाठी रेंज लिस्ट स्कॅन आला, आणि २०१६ मध्ये आलेल्या डीबी२ १२ मध्ये तिन्ही कॉलमांची एकत्र तुलना थेट लिहिता येऊ लागली. सीआयसीएसच्या स्क्रीनला पंधरा ओळी हव्या असतात, त्यासाठी कर्सर (एसक्यूएलच्या उत्तरातल्या ओळी एकेक देणारा) लाखभर ओळी सॉर्ट करत बसला नाही पाहिजे. एक्सप्लेन (डीबी२ क्वेरी कशी चालवणार त्याचा आराखडा) काढून बघा, सॉर्ट दिसला तर तो नमुना परत पाठवा.

फाईल स्टेटस, म्हणजे प्रत्येक फाईल क्रियेनंतर कोबोलला मिळणारा कोड, सोपं आहे असं वाटतं आणि बरंचसं आहेही. डीबी२ कडून अधिक १०० (ओळ नाही) आला की वेळ पाहून २३ (रेकॉर्ड सापडला नाही) किंवा १० (फाईल संपली), उणे ८०३ (ही की आधीच आहे) आला की २२. अडचण ज्याला जोडीदार नाही त्याची: उणे ९११, म्हणजे डेडलॉक (दोन कामं एकमेकांसाठी अडून बसणं) किंवा टाइमआउट आणि रोलबॅक (केलेले बदल मागे घेणं). बॅचच्या जुन्या प्रोग्रामला असं काही होऊ शकतं हे स्वप्नातही नव्हतं. काही थर इथे गुपचूप पुन्हा प्रयत्न करतात. तसं करू देऊ नका. ९११ मध्ये शेवटच्या कमिटपासूनचं (बदल पक्के केल्यापासूनचं) सगळं काम परत गेलेलं असतं. नुसतं शेवटचं एसक्यूएल वाक्य पुन्हा चालवलं तर आधीचे बदल हरवलेले आणि प्रोग्राम मात्र खुशाल पुढे. थराने तिथे एबेंडच द्यायला हवा.

यातूनच सगळ्यात मोठ्या फरकाकडे येतो: कमिट. बॅचमधल्या व्हीसॅम अपडेटला कमिट नसतो. लिहिलं ते लिहिलं. जॉब अर्ध्यात पडला तर फाईल अर्धवट बदललेली राहते, म्हणून जेसीएलमध्ये (जॉबच्या पायऱ्या लिहायच्या भाषेत) आधी आयडीकॅम्सच्या रेप्रोने (फाईल कॉपी करणाऱ्या आज्ञेने) बॅकअप, आणि पडल्यावर बॅकअप परत टाकून पहिल्यापासून. थर लावून तोच जॉब डीबी२ वर चालवला आणि कमिट कोणी दिला नाही, तर लाखो अपडेट एका युनिटमध्ये अडकतात. लॉक वाढत जातात, एका हद्दीनंतर पूर्ण टेबल लॉक होतं, आणि शेवटी एबेंड झालाच तर रोलबॅक पुढच्या जॉबची वेळ खातो. म्हणून थराने दर काही शे अपडेटनंतर कमिट द्यावा लागतो आणि वाचणारा कर्सर कमिटनंतरही उघडा राहील असा घोषित करावा लागतो. पण मग पडल्यावर टेबल पुन्हा अर्धवटच असतं, म्हणजे तुम्ही व्हीसॅमच्याच परिस्थितीत परत आलात. फक्त बॅकअप टाकायची पायरी आता रेप्रो नाही, डीबी२ चा इमेज कॉपी आणि रिकव्हर आहे. हे ऑपरेशन्सच्या माणसांना आधी शिकवा. रात्री जॉब पडला की ते जुन्या सवयीने जुनी पायरी चालवतील, आणि ती ‘यशस्वी’ही होईल, कोणी वापरत नसलेल्या फायलीवर.

ऑनलाइनमध्ये उलट फरक आहे. सीआयसीएसमध्ये फाईलच्या व्याख्येत रिकव्हरी नाही असं लिहिलेल्या फायली असतात. ट्रान्झॅक्शन एबेंड झाली तरी त्यांत लिहिलेलं राहतं, आणि अनेक प्रोग्राम त्यावर विसंबलेले असतात: एरर लॉग लिहायचा आणि मग मुद्दाम एबेंड घ्यायचा. ती फाईल टेबल झाली की रोलबॅकबरोबर लॉगही जातो. सपोर्टवाल्यांना एबेंड दिसतो, कारण दिसत नाही. याच जातीची दुसरी फाईल म्हणजे शेवटचा पावती नंबर ठेवणारी. एकच रेकॉर्ड, सगळ्या ट्रान्झॅक्शन त्याच्यावर. रिकव्हरी नसताना रीराइट झालं की तो सुटत असे. डीबी२ मध्ये लॉक कमिटपर्यंत राहतो आणि सगळी रांग त्या एका ओळीपाशी उभी राहते. अशा फायली व्हीसॅममध्येच राहू द्या. हे सांगताना संकोच नको. शंभर टक्के फायली हलवल्याचं प्रमाणपत्र कोणी देत नाही.

आता तुमच्या अंदाजपत्रकात बहुधा नसलेली गोष्ट. थर फक्त प्रोग्रामने केलेलं वाचन-लेखन अडवतो. जेसीएलमधला सॉर्ट व्हीसॅम फाईल थेट वाचतो. रेप्रो थेट वाचतो. डिलीट-डिफाइन करून फाईल रिकामी करणारी पायरी, एफटीपी, ईझीट्रीव्हचे रिपोर्ट, फाईल-एड या एडिटरमध्ये बसून एखादा रेकॉर्ड हाताने सुधारणारा सपोर्टचा माणूस, हे सगळे थराच्या बाहेर. प्रोग्राम बदलणार नाहीत हे खरं, जेसीएल मात्र बदलणार आणि भरपूर बदलणार. पहिल्याच आठवड्यात सगळ्या प्रोक (जेसीएलचे सामायिक तुकडे) आणि जेसीएलमध्ये प्रत्येक डेटासेटचं नाव शोधा आणि त्या पायरीत कोबोल प्रोग्राम आहे की युटिलिटी ते नोंदवा. सॉर्टच्या जागी अनलोड (टेबल फायलीत उतरवणं) आणि मग सॉर्ट येईल. डिलीट-डिफाइनच्या जागी टेबल रिकामं करणं. आउटपुटमध्ये ओपन केल्यावर ‘रीयूज’ (पुन्हा वापरायची) अशी व्याख्या असलेली फाईल रिकामी होते, तिथेही थराने तसंच करावं लागतं, हे तपासून घ्या. आणि जिथे ओपन करताना फाईल अगदीच रिकामी चालत नाही म्हणून एक खोटा रेकॉर्ड घालून ठेवायची पायरी असते (सगळे बाइट सर्वांत लहान म्हणजे लो-व्हॅल्यूज, नाहीतर सर्वांत मोठे म्हणजे हाय-व्हॅल्यूज), तो रेकॉर्ड तुमच्या टेबलात येऊन बसेल. रिपोर्टवाला पहिल्याच दिवशी विचारेल हा ग्राहक कोण.

वेगाबद्दल सरळ सांगतो: बॅच काही न करता हलवली तर हळू होईल आणि सीपीयूही जास्त खाईल. व्हीसॅममध्ये सलग वाचताना एका कंट्रोल इंटर्व्हलमध्ये (फायलीच्या एकदम वाचल्या जाणाऱ्या तुकड्यात) बरेच रेकॉर्ड असतात, पुढचा रीड म्हणजे बफरमधून एक मूव्ह. तिथे प्रत्येक वेळी एसक्यूएलचा फेरा घालायचा म्हटलं की फरक पडणारच. उपाय आहेत. डीबी२ च्या आठव्या आवृत्तीपासून एका फेचमध्ये (एका मागणीत) अनेक ओळी आणता येतात; थराने सलग वाचन ओळखून शंभरेक ओळी एकदम आणाव्यात आणि प्रोग्रामला एकेक द्याव्यात. मात्र तोच प्रोग्राम त्याच फायलीत पुढच्या कीवर लिहीत असेल तर आधीच आणलेल्या ओळी शिळ्या ठरतात. व्हीसॅममध्ये नवा रेकॉर्ड पुढे सापडला असता, इथे सापडणार नाही. अशा प्रोग्रामपुरती ती सोय बंद ठेवा. दर, शाखा, कोड अशा छोट्या, क्वचित बदलणाऱ्या फायली मेमरीत धरा किंवा व्हीसॅममध्येच सोडा. रँडम वाचणाऱ्या बॅचसाठी एक युक्ती प्रोग्राम न बदलता होणारी आहे: जी ट्रान्झॅक्शन फाईल जॉब चालवते ती आधी टेबलाच्या क्लस्टरिंग कीने (ज्या कीच्या क्रमाने ओळी ठेवल्या आहेत तिने) सॉर्ट करून घ्या. प्रोग्रामला क्रमाचं सोयरसुतक नसेल तर जेसीएलमध्ये एक पायरी वाढली आणि डीबी२ ला पुढची पेज आधीच आणायला वाव मिळाला. एवढं करून बोटांवर मोजण्याइतके जॉब उरतीलच जे वेळेत बसत नाहीत. ते एसक्यूएलमध्ये हाताने लिहा. विक्रेता नाक मुरडेल, मुरडू दे.

एक छोटी पण हमखास होणारी गोष्ट: थराची एसक्यूएल मॉड्यूलं टेबल रिकामं असताना बाइंड (क्वेरी कोणत्या वाटेने चालवायची ते पक्कं) करू नका. आधी लोड, मग रनस्टॅट्स (टेबलाची आकडेवारी गोळा करणं), मग बाइंड. रिकाम्या टेबलाच्या आकड्यांवर डीबी२ पूर्ण स्कॅन हाच शहाणपणा समजतं, आणि सोमवारी सकाळी ऑनलाइन बसतं.

फायली कोणत्या क्रमाने न्यायच्या? सर्वांत छोट्या फायलीने सुरुवात करायचा मोह होतो, पण तिच्यातून काही शिकायला मिळत नाही. मी मधली घेतो: ऑनलाइन आणि बॅच दोन्ही वापरतात, एक आल्टरनेट इंडेक्स आहे, एखादा रिडिफाइन्स आहे, पण तिच्यावर पैशाचा हिशेब नाही. पत्त्यांची फाईल बहुतेक वेळा योग्य निघते. पहिल्या फायलीसाठी रात्रीची ऑनलाइन बंद ठेवण्याची जुनी खिडकी तशीच ठेवा. टेबलावर बॅच आणि ऑनलाइन एकत्र चालू शकतात हे खरं, पण तुमचे प्रोग्राम ‘रात्री फायलीला आपण एकटेच’ या गृहीतावर लिहिलेले आहेत, आणि ते गृहीत एकाच वेळी सगळीकडे मोडायची घाई कोणालाच नाही. इथे इंदूरची एक सोय आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसात-साडेआठ झालेले असतात, म्हणजे त्यांची बॅच आपल्या पोह्यांच्या वेळी सुरू होते. बदलाच्या आठवड्यात तुमची ताजी माणसं जागी असताना सगळं चालेल. तिकडच्या थकलेल्या ऑन-कॉल माणसावर सोडू नका.

दोन्हीकडे लिहिण्याबद्दल. आधी व्हीसॅम मुख्य आणि टेबल मागे, वाचन व्हीसॅमवरूनच. रोज रात्री दोन्हींची बाइट तुलना. फरक सलग शून्य येऊ लागले की वाचन टेबलावर न्या आणि व्हीसॅमला मागे लिहीत राहा, म्हणजे परत फिरायची वाट उघडी राहते. या दुसऱ्या टप्प्यात निदान एक महिनाअखेर आणि एक तिमाहीअखेर जाऊ द्या, कारण काही प्रोग्राम त्याच दिवशी चालतात आणि त्यांनी तोपर्यंत टेबल पाहिलेलंच नसतं. वर्षअखेरीच्या जॉबची वाट पाहत बसणं परवडणार नाही; मागच्या वर्षअखेरीचा बॅकअप क्लायंटकडे मागा, तो टेबलात चढवा, तेच जॉब त्याच्यावर चालवा आणि छापील रिपोर्ट तेव्हाच्या रिपोर्टशी ओळीने ताडा. बॅकअप टेपवर असेल तर आजच मागायला सुरुवात करा, तो यायला वेळ लागतो.